पेपर तुझा, नाव साहेबांचं

मेडिकल कॉलेजातल्या शिक्षकाला बढती मिळते ती तो कसा शिकवतो यावर नाही, आणि रुग्णाशी कसा वागतो यावर तर नाहीच नाही. बढती मिळते फायलीवर. नेमणुकीचा आदेश, रिलीव्हिंग ऑर्डर, अनुभवाचे दाखले, दोन कोर्सची प्रमाणपत्रं आणि छापून आलेले पेपर. सहायक प्राध्यापकाला सहयोगी व्हायचं तर चार वर्षं आणि दोन पेपर. सहयोगीला प्राध्यापक व्हायचं तर पुढची तीन वर्षं आणि एकूण चार पेपर. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीत हे असं मांडलेलं होतं आणि त्याआधी मेडिकल कौन्सिलच्या काळातही मामला फार वेगळा नव्हता. त्या फायलीत शिक्षकाचा फोटो असतो, आधार असतो, फॉर्म १६ असतो. त्याने शिकवलेल्या एका तरी मुलाचं मत असतं का? नाही. रात्री दोन वाजता वॉर्डातून फोन आला तेव्हा तो उठून गेला की ‘सकाळी बघू’ म्हणाला, याची नोंद? त्याला रकानाच नाही.

मी कम्युनिटी मेडिसिन, म्हणजे आमच्या जुन्या भाषेत पीएसएम, शिकवून निवृत्त झाले आणि वर्तकनगरात राहते. ठाण्यात राहण्याची एक गंमत अशी, की कळव्यापासून परळपर्यंत आणि नेरूळपासून अंबरनाथपर्यंत जिथे म्हणून मेडिकल कॉलेज आहे, तिथला कुणी ना कुणी शिक्षक इथेच भाड्याने राहत असतो. आणि पीएसएमच्या बाईंना आकडेमोड येते, अशी सगळ्या क्लिनिकल विभागांची पक्की समजूत. त्यामुळे रविवारी सकाळी बेल वाजते, दारात लॅपटॉपची बॅग घेतलेलं कुणी तरी उभं असतं. वाक्य ठरलेलं. “मॅडम, सगळं तयार आहे. फक्त तेवढी पी-व्हॅल्यू काढून द्या.”

‘सगळं तयार’ म्हणजे काय तयार असतं, ते एकदा जवळून बघण्यासारखं आहे.

मध्यंतरी एक मुलगी आली. छातीविकार विभागात सहायक प्राध्यापक, कॉलेज कुठलं ते सांगत नाही. हुशार आहे, हाताखालची रेसिडेंट मुलं तिला मानतात. पेपरचा विषय होता, एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना क्षयरोगाबद्दल काय माहीत आहे, त्यांची वृत्ती काय आणि आचरण काय. गुगल फॉर्म करून वर्गाच्या ग्रुपवर टाकलेला, मुलांनी कँटीनमध्ये बसून भरलेला. असे पेपर आपल्याकडे पोत्याने निघतात. कारण उघड आहे. रुग्णाला हात लावावा लागत नाही, रक्त काढावं लागत नाही, आठवड्याभरात डेटा हातात येतो. मी तक्ता क्रमांक दोन बघितला. टक्केवारीची बेरीज एकशे चार. एथिक्स कमिटीच्या मंजुरीची तारीख बघितली. पहिला फॉर्म भरला गेला त्यानंतरची.

“विषय कुणी दिला?”

“सरांनी.”

“सरांनी हे वाचलं का?”

“वाचलं नाही मॅडम. नावाचं स्पेलिंग तपासलं.”

लेखकांच्या यादीत सर पहिले. तिचं नाव दुसरं. तिसरं नाव एका अशा बाईंचं, ज्या त्या विभागातच नाहीत, पण त्यांचा इंटरव्ह्यू जवळ आला आहे. चौथ्याबद्दल मी विचारलं नाही.

मी लॅपटॉप मिटला आणि विचारलं, तुझ्या ओपीडीत तू रोज काय बघतेस? मग ती बोलायला लागली आणि अर्धा तास थांबली नाही. तिच्याकडे वागळे इस्टेटमधल्या छोट्या वर्कशॉपमधली माणसं येतात. लेथवर काम करणारी, पॉलिशिंगवाली, पॅकिंगवाली. थुंकीत क्षयाचे जंतू सापडतात, औषध सुरू होतं. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन चढतं, आणि नेमक्या त्याच वेळी माणूस यायचा बंद होतो. निक्षय पोर्टलवर त्याचं नाव असतं, फोन नंबर असतो. पोषण आहाराचे पैसे, जे नोव्हेंबर २०२४ पासून महिना पाचशेचे हजार झाले, तेही काहींच्या खात्यात जमा होतात. माणूस मात्र नाही. का, तर गोळ्या घ्यायला यायची वेळ आणि कामाची पाळी एकच. अर्धा दिवस बुडाला की मालक दिवसाचा रोज कापतो. ती म्हणाली, “काही जण मालकाला आजार सांगतच नाहीत मॅडम. आणि जे सांगतात ना, त्यांची नोकरी जाते.”

हा पेपर होता. हाच. ओपीडीच्या दारात रोज उभा राहणारा, ठाण्याबाहेर कुणाला लिहिता येणार नाही असा. कोण सोडून जातं, कितव्या महिन्यात जातं, संध्याकाळी सातनंतर केंद्र उघडं ठेवलं तर किती जण टिकतात. मी विचारलं, मग हे का नाही केलंस? ती म्हणाली, “सरांना सांगितलं होतं. सर म्हणाले, याला वेळ लागेल, तुझा इंटरव्ह्यू पुढच्या वर्षी आहे. आधी पटकन होणारं काही तरी कर.”

या सल्ल्याला आपल्याकडे मार्गदर्शन म्हणतात. आणि वाईट याचं, की तो सल्ला देणारा माणूस दुष्ट नाही. त्याने व्यवहार सांगितला. नियम जे मोजतो ते त्याने मोजून दाखवलं.

पण एक सांगा, पहिलं नाव त्याचं का? मुलुंडच्या नाक्यावर ऑक्टोबर २०२४ मध्ये हलक्या गाड्यांचा टोल माफ झाला, आम्ही ठाणेकर सुटलो. विभागप्रमुखाच्या केबिनबाहेरचा टोल चालूच आहे, आणि तिथे तर रस्ताही त्यांनी बांधलेला नसतो. रेसिडेंटचा थीसिस झाला, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठात जमा झाला, की त्याचा पेपर होतो. त्यावर गाइडचं नाव, प्रमुखांचं नाव, कधी कधी प्रमुखांच्या मित्राचं नाव, आणि ज्याने थंडीच्या रात्री कॅज्युअल्टीत बसून केस पेपरवर आकडे लिहिले तो पोरगा चौथा. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कुणाला म्हणावं याच्या चार अटी घातल्या आहेत आणि चारही पुऱ्या व्हाव्या लागतात. कामात भरीव वाटा, लिहिण्यात किंवा दुरुस्तीत सहभाग, छापण्याआधी अंतिम मसुद्याला मंजुरी, आणि मजकुरात पुढे काही चुकलं-माकलं तर उत्तर देण्याची जबाबदारी. खुर्ची ही पाचवी अट त्यात कुठेही नाही. तरी आपल्याकडे तीच पहिली.

मी नोकरीत असताना एका कॉलेजच्या बैठकीत साधी सूचना केली होती. अभ्यास सुरू होण्याआधी एका कागदावर लिहा, कोण काय करणार आणि नावं कुठल्या क्रमाने लागणार, आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. खोलीत शांतता. मग खुर्चीतल्या साहेबांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, “मॅडम, आपला विभाग म्हणजे कुटुंब आहे. कुटुंबात असं लिहून घेतात का?” मी म्हटलं, सर, आमच्या वर्तकनगरात म्हाडाच्या जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहायला लागले, तेव्हा सख्ख्या भावांनी करारनाम्याचं पान न् पान वाचून सह्या केल्या. चटई क्षेत्राला जेवढी किंमत आहे तेवढी तरी बुद्धीला द्या. सूचना इतिवृत्तात आली नाही. चहा मात्र आला.

सगळा दोष खुर्चीवर बसलेल्यांचा असं म्हणून मोकळं होता येत नाही. नियम करणाऱ्यांनी या खेळाला वेळोवेळी खतपाणी घातलं आहे. मेडिकल कौन्सिलने सप्टेंबर २०१५ मध्ये फर्मान काढलं, पेपरचं श्रेय फक्त पहिल्या दोन लेखकांना. हेतू चांगला असेल, फुकटी नावं कमी व्हावीत असा. झालं काय? आधी प्रमुख साहेब शेवटच्या जागेवर समाधानी असायचे, ते उठून पहिल्या जागेवर आले. वर ई-जर्नल चालणार नाहीत असंही त्यात होतं, जगातली निम्मी चांगली नियतकालिकं कागद सोडून चालली असताना! २०१६ मध्ये देशातल्या वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी, त्यात केईएमच्या डॉ. नित्या गोगटे होत्या, एकत्र येऊन लिहिलं की हे पुन्हा विचार करण्यासारखं आहे. विचार व्हायला वर्षं गेली. पुढच्या नियमांत पहिले तीन लेखक किंवा पत्रव्यवहार करणारा लेखक अशी मुभा आली. आता एका पेपरवर चार जणांची सोय होते. त्याप्रमाणे यादीची मांडणी बदलली, बाकी काही नाही.

या मोजदादीने बाजार उभा केला. सकाळी मेल उघडली की ‘ग्रीटिंग्ज ऑफ द डे’ म्हणून सुरू होणारं पत्र असतं. नेत्ररोगवाल्याला शेतीच्या नियतकालिकाचं आमंत्रण, पीएसएमच्या बाईला नॅनोटेक्नॉलॉजीचं. तीन दिवसांत स्वीकार, पैसे भरा, पेपर छापा. परीक्षकाचा अभिप्राय दोन ओळींचा, तोही इंग्रजीच्या चुकांसकट. कोलोरॅडो विद्यापीठाचा ग्रंथपाल जेफ्री बील अशा दुकानांची यादी ठेवायचा. जानेवारी २०१७ मध्ये त्याने ती उतरवली. हैदराबादच्या ओमिक्स ग्रुपला मार्च २०१९ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने ५ कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरायला सांगितली. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने खटला लढवला म्हणून हे झालं. इथे आपल्या दारात दुकान, आणि आपला आयोग काय करतो, तर कुठल्या सूचीत नियतकालिक असावं त्याची यादी देतो. मेडलाइन, स्कोपस, वगैरे. दुकानदार हुशार असतात, ते सूचीत शिरण्याची वाट शोधतात. हल्ली तर त्याचीही गरज नाही. व्हॉट्सॲपवर तयार पेपर मिळतो, पहिल्या नावाचा दर वेगळा, तिसऱ्या नावाचा वेगळा. हे मेसेज माझ्या फोनवर आले आहेत, निवृत्त झाल्यावरसुद्धा.

आणि तरुण मंडळींनो, तुम्हीही फार निष्पाप नाही. घेणारा आहे म्हणून विकणारा आहे. ज्याला ईएमआयचा हप्ता चुकवता येत नाही त्याला पेपरचा हप्ता लागू केला की तो दुकानात जाणार, हे मला कळतं. काही महिन्यांच्या आदेशावर नोकरी, मग एका दिवसाचा खंड, मग पुन्हा आदेश, अशा चक्रात अडकलेल्या माणसाने दोन वर्षांचा अभ्यास हाती घ्यायचा तरी कसा, हेही कळतं. पण विकत घेतलेल्या पेपरवर सहयोगी झालेला माणूस उद्या दुसऱ्याचा गाइड होतो. त्याला न वाचता सही करण्यापलीकडे येणार काय आहे?

डॉ. समीरन नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक हिशेब छापला. २००५ ते २०१४ या दहा वर्षांत देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांनी किती शोधनिबंध काढले याचा. ३३२ संस्थांमधून एकही नाही. दहा वर्षांत शून्य! आणि वरच्या पंचवीस संस्थांच्या खात्यात एकूण कामाचा चाळीस टक्के वाटा. हे वाचून दिल्लीत कुणी तरी ठरवलं असावं की पेपरची सक्ती आवळली पाहिजे. रोग ओळखला, औषध चुकलं. त्या संस्थांत पेपर लिहिणारे नव्हते, कारण पेपर लिहायला शिकवणारे नव्हते. तिथे शिकवणारा न पाठवता नुसती सक्ती पाठवली. मग जे व्हायचं ते झालं.

दोन कोर्स आहेत, त्यांच्याबद्दलही बोलते. २०२० पासून बढतीसाठी अध्यापनशास्त्राचा मूलभूत कोर्स आणि संशोधनाचा मूलभूत कोर्स लागतो. संशोधनाचा कोर्स चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था ऑनलाइन घेते. तो चांगला आहे, व्याख्यानं नीट तयार केलेली आहेत. मी स्वतः ती ऐकली, कौतुकाने ऐकली. पण लोक ती दुप्पट वेगाने चालवतात, एका बाजूला ओपीडी, एका बाजूला इअरफोन, आणि शेवटी परीक्षेला बसून मोकळे होतात. कोर्स संपल्यावर “आता तुझ्या विभागात यातलं काय करणार?” असं विचारणारं कुणी नसतं. अध्यापनाच्या कार्यशाळेत तर जेवण फार उत्तम असतं, एवढं नक्की सांगते.

विद्यार्थ्यांसाठी मात्र मेंटॉर आहेत हं. प्रत्येक शिक्षकाच्या वाट्याला काही मुलं, त्यांची नोंदवही, भेटीच्या तारखा, सह्या. तपासणीत ती वही बघतात. पहिल्या वर्षाच्या मुलाला मेसमधलं जेवण पचत नाही याची नोंद सापडेल. मेडिकल कॉलेजात नव्याने लागलेल्या, कालपर्यंत स्वतः रेसिडेंट असलेल्या आणि आज दीडशे मुलांसमोर उभ्या केलेल्या बत्तीस वर्षांच्या शिक्षकाला मात्र कुणी विचारत नाही, बाबा, तुझं कसं चाललंय? पहिलं लेक्चर कसं झालं? मागच्या बाकावर बसून ते ऐकायला कोण गेलं होतं?

कुणीच गेलेलं नसतं. माझं ऐकायलाही कुणी आलेलं नव्हतं.

ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत अठरा रुग्ण गेले. महापालिकेचं रुग्णालय, १९९२ पासून मेडिकल कॉलेज त्याला जोडलेलं. चौकशी समिती नेमली गेली, खाटा किती, डॉक्टर किती, नर्स किती यावर टीव्हीवर रात्रंदिवस चर्चा झाली. त्या मृत्यूंचा दोष बढतीच्या नियमांवर टाकण्याइतकी मी भाबडी नाही. पण त्या चर्चेत एक प्रश्न मला एकदाही ऐकू आला नाही. अशा रुग्णालयांत रात्री रुग्ण बघतो तो रेसिडेंट. त्याला घडवतो सहायक प्राध्यापक. सहायक प्राध्यापकाला कोण घडवतं? वर्तकनगर, लोकमान्यनगर, कळवा, मुंब्रा, दिवा इथल्या ज्या घरांना खाजगी रुग्णालयाचं डिपॉझिट परवडत नाही, त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न जिवाचा आहे. खाटा मोजता येतात म्हणून आपण खाटा मोजतो.

आता तर कॉलेजंच कॉलेजं. २०१४ मध्ये देशात ३८७ मेडिकल कॉलेजं होती, दहा वर्षांत ७८० झाली. ९ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांनी महाराष्ट्रातल्या दहा सरकारी कॉलेजांचं एकदम उद्घाटन केलं, त्यात आमच्या जिल्ह्यातलं अंबरनाथ आहे, गडचिरोली आहे, वाशिम आहे, हिंगोली आहे. कॉलेज व्हावं, गडचिरोलीत तर शंभरदा व्हावं. पण इतके शिक्षक आणायचे कुठून? २०२५ मध्ये आयोगाने वाट काढली. २२० खाटांच्या सरकारी रुग्णालयात दहा वर्षं काम केलेला तज्ज्ञ थेट सहयोगी प्राध्यापक होऊ शकतो, दोन वर्षं काम केलेला सहायक. संशोधनाचा कोर्स नंतर दोन वर्षांत करा म्हणे. याला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत, मी त्यांच्यात नाही. जिल्हा रुग्णालयात दहा वर्षं बाळंतपणं केलेल्या बाईंना जे येतं ते आमच्या कित्येक प्राध्यापकांना सात जन्मांत येणार नाही. अडचण वेगळी आहे. त्या बाईंनी कधी वर्ग घेतलेला नाही, प्रश्नपत्रिका काढलेली नाही, थीसिस तपासलेला नाही. त्यांच्या शेजारी वर्षभर बसेल असा माणूस नेमला का? नाही. त्यांच्या हातात खडू आणि हजेरीसाठी चेहरा ओळखणारं ॲप, बस्स.

हे जमत नाही असं नाही, म्हणून तर राग येतो. लोकलने तासाभरावर परळ आहे. जीएस मेडिकल कॉलेज आणि केईएमच्या स्टाफ सोसायटीने १९५५ पासून स्वतःचं नियतकालिक चालवलं. तिथे कित्येकांनी दुसऱ्याचे पेपर तपासता तपासता स्वतः लिहायला शिकून घेतलं. त्याच कॉलेजात २००५ मध्ये फिलाडेल्फियाच्या फायमर संस्थेचं भारतातलं पहिलं प्रादेशिक केंद्र सुरू झालं, डॉ. अविनाश सुपे यांच्यासारखा सर्जन त्यात गुंतला. दोन वर्षांची फेलोशिप. देशभरातले शिक्षक येतात, आपल्याच कॉलेजातला एक प्रश्न घेऊन त्यावर काम करतात. मधले महिने आपापल्या गावी असतात, पण मागे लागणारं, विचारणारं, दुरुस्त करणारं माणूस असतं. तिथून आलेल्या शिक्षकांशी पाच मिनिटं बोललं तरी फरक कळतो. ते “पेपर किती?” विचारत नाहीत, “मुलांना काय कळलं?” विचारतात. म्हणजे रीत माहीत आहे, माणसं आहेत, वीस वर्षं होऊन गेली. नियमावलीत त्याला जागा नाही एवढंच. अमेरिकेत अर्नेस्ट बॉयरने १९९० मध्येच मांडलं होतं की शिकवणं हीसुद्धा विद्वत्ता आहे आणि तिचं मोजमाप संशोधनाइतक्याच गांभीर्याने व्हावं. तिकडच्या कित्येक विद्यापीठांत शिकवणाऱ्या डॉक्टरांसाठी बढतीची वेगळी वाट आहे. आपण त्यांच्याकडून कॉन्फरन्सची बॅग आणि गळ्यातलं ओळखपत्र तेवढं उचललं.

आणि महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आठवा. कोकणात विंचू चावला की माणसं पटापट मरायची. बावस्करांनी रात्र रात्र रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या, १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं. पुढे प्राझोसिन हे औषध वापरून, चाळीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण अगदी नगण्य झालं. २०११ मध्ये ‘बीएमजे’त पती-पत्नी दोघांच्या नावाने अभ्यास आला, आणि तिथे दोन्ही नावं खरी होती. प्राध्यापकपदाची कुठली पायरी त्या पेपरांवर अवलंबून नव्हती. प्रश्न समोर खाटेवर होता. असा माणूस शतकात एखादा निघतो हे मान्य, आणि म्हणूनच बाकीच्या साध्या, बऱ्यापैकी हुशार, कष्टाळू माणसांना हाताला धरून नेणारं कुणी लागतं. सगळ्यांनी बावस्कर व्हावं अशी अपेक्षा ठेवणं हा कामचुकारपणा आहे.

मला हवंय ते फार अवघड नाही. प्राध्यापकाची बढती, पगारवाढ, डीनची खुर्ची, जे काही असेल ते, त्याच्या हाताखालच्या माणसांचं काय झालं यावर थोडी तरी टांगा. याच्या विभागात आलेले सहायक किती टिकले, किती जणांचा पहिला लेखक म्हणून स्वतःचा पेपर झाला, ज्यावर साहेबांचं नाव नाही? एवढा एक आकडा मागितला तर निम्म्या केबिनमध्ये घाम फुटेल. आठवड्यातला अर्धा दिवस तरुण शिक्षकाला लेखी द्या, ज्यात ओपीडी नाही, तपासणीची तयारी नाही, मंत्र्यांच्या शिबिराला डॉक्टर पुरवणं नाही. आणि वर्षातून दोनदा त्याच्या वर्गात मागच्या बाकावर बाहेरच्या कॉलेजातलं कुणी तरी येऊन बसू दे. फाइल जाड होण्यापेक्षा हे स्वस्त पडेल. पण यात छापील काही हाती लागत नाही, म्हणून कुणाला सुचत नाही.

सुचेपर्यंत माझा बारीकसा उद्योग चालू राहील. छातीविकारवाल्या मुलीने गुगल फॉर्मचा तो पेपर मागे घेतला. सरांना काय सांगितलं ते मी विचारलं नाही. वागळे इस्टेटच्या अभ्यासाचा मसुदा तिसऱ्यांदा परत पाठवला आहे, कारण किती रुग्ण लागतील याचा हिशेब तिने अजून डोळे झाकून केलाय. इंटरव्ह्यू कदाचित हुकेल. बाकीच्यांसाठी सांगून ठेवते. गुरुवारी येऊ नका, साईमंदिराच्या गर्दीत गाडी लावायला जागा मिळत नाही. रविवारी दहानंतर या. फाइल आणू नका, कच्चा डेटा आणा, आणि तो गोळा करण्याआधी आलात तर फार बरं. पी-व्हॅल्यू मी काढून देणार नाही, तुमच्याकडून काढून घेईन. माझं नाव घालायचं नाही, आभारातसुद्धा नाही. आणि सरांचं नाव घालायचं असेल तर त्यांना सोबत घेऊन या, मसुदा त्यांच्यासमोर उघडू आणि तिसऱ्या तक्त्यात काय आहे ते त्यांनाच विचारू.